भेगांचं कोर्ट

खेळातल्या कुठल्याही विजयाला कोणी ‘नशीब लागलं’ म्हटलं की माझं डोकं सणकतं. चंद्रपूरला आमच्या अपार्टमेंटखाली संध्याकाळी दोन-तीन निवृत्त मंडळी बाकावर बसून मोबाइलवर मॅच बघतात. परवा त्यातले एक कुठल्याशा बास्केटबॉल टीमबद्दल सांगत होते, की यंदा ही टीम बाद फेरीत एवढी पुढे गेली ती निव्वळ नशिबाने, पुढच्या वर्षी नावसुद्धा ऐकू येणार नाही. ती टीम कुठली, खेळतं कोण, मला काही माहीत नव्हतं. तरी भाजीची पिशवी हातात धरून मी त्यांच्याशी भांडत उभी राहिले. घरी येईपर्यंत पालक माना टाकून बसला होता आणि नवरा विचारत होता, की आज कोणाशी?

एकेकाळी मीही अशाच एका टीममध्ये होते, म्हणून हा राग. म्हणजे होते तशी बाकावरच. पाच जणी खेळायच्या आणि मी सहावी.

माजरीच्या बाजूला खाणीची एक कॉलनी होती, तिथे माझं सगळं लहानपण आणि कॉलेजची वर्षं गेली. एका अंगाला खाण, दुसऱ्या अंगाला खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर. त्या डोंगरांवर बाभळी माजल्या होत्या आणि त्यात वाघ असायचा, त्यामुळे पोरींनी दिवे लागायच्या आत घरी यायचं हा नियम होता. नाक शिंकरलं तर रुमाल काळा व्हायचा. मला ते सगळं अजून इतकं हवंसं वाटतं, की माझ्या मुलींना मी त्याबद्दल सांगायला लागले की त्या एकमेकींकडे बघून हसतात.

दुपारी खाणीत ब्लास्टिंग व्हायचं. आधी भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की आई बोलता बोलता माठावर हात ठेवायची, मग जमीन हादरायची, मांडणीवरची भांडी किणकिणायची, आणि आईचं बोलणं मध्ये कुठेही न थांबता तसंच पुढे चालू राहायचं. या हादऱ्यांनी भिंतींना भेगा पडत. म्हणून प्रत्येक घरात पांढऱ्या सिमेंटचा एक डबा आणि पत्र्याची एक पट्टी असायचीच. भेग दिसली की बुजवायची. लग्न होऊन आलेल्या सुनेला आधी चहा-साखर कुठे ते दाखवत आणि लगेच तो डबा कुठे ते दाखवत. पाहुण्यांच्या घरी गेलो तरी आमच्या लोकांची नजर आधी भिंतींवरून फिरायची. भेग तशीच सोडणारं घर म्हणजे आळशी घर, असं कॉलनीचं ठाम मत होतं.

फक्त एक जागा कोणी बुजवत नव्हतं, ती म्हणजे बास्केटबॉलचं कोर्ट. ते बुद्धविहाराच्या बाजूला होतं. कोणा जुन्या साहेबाच्या हौसेतून बांधलेलं, आणि साहेबाची बदली झाल्यापासून कोणाचंच नसलेलं. त्यावर एवढ्या भेगा होत्या की काही ठिकाणी सिमेंटचे तुकडे बोटभर वर-खाली झाले होते. वरून कोळशाची पूड. बॉल खाली टाकला की तो कुठे जाईल ते बॉललाही माहीत नसायचं.

तिथे आम्हाला आमच्या कॅप्टनने उभं केलं. ती आमच्यापेक्षा थोडी मोठी, बी.ए. झालेली, उंचीने बेताची आणि आवाजाने दणदणीत. तिचे वडील खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. आम्ही सगळ्या त्यांना काका म्हणायचो. कोर्टावरच्या गंजून पडलेल्या रिंगच्या जागी त्यांनीच सळई वाकवून नवी रिंग करून दिली होती. कोच वगैरे आम्हाला नव्हता. कॅप्टन सांगेल ते करायचं, आणि ती एकच गोष्ट सांगायची.

“खाली टाकू नका.”

बास्केटबॉलमध्ये हातात बॉल घेऊन चालता येत नाही. बाकीचं जग बॉल जमिनीवर आपटत पळतं. आम्हाला ते शक्यच नव्हतं, कारण आपटलेला बॉल परत हातात यायची खात्री नव्हती. म्हणून आम्ही बॉल हातातून हातात खेळवायचो. एकीने घ्यायचा, लगेच दुसरीकडे द्यायचा आणि स्वतः पुढे पळायचं. बॉल जमिनीला लागला की जिच्या हातून लागला तिने पूर्ण कोर्ट झाडायचं, हा कॅप्टनचा दंड होता. मी पुष्कळ झाडलं आहे. पण हळूहळू असं झालं की न बघता कळायचं, कोण कुठे आहे. त्या पळण्यात, घामात, संध्याकाळच्या त्या धुरकट पिवळ्या उजेडात मला जे सुख मिळालं ते पुढे कशात मिळालं नाही. लग्नात नाही आणि पगारात तर नाहीच नाही.

त्या वर्षी आम्ही नागपूरच्या एका स्पर्धेत उतरलो आणि बाद फेरीत गेलो. तिथून मॅच जिंकत जिंकत शेवटच्या चार टीममध्ये पोचलो. लाकडी जमिनीचा हॉल आम्ही पहिल्यांदा बघत होतो. बूट घालून आत जावं की बाहेर काढावेत यावर आमची दारात चर्चा झाली. समोरच्या टीमच्या मुली उंच, एकसारख्या ड्रेसमधल्या. आम्हाला बघून त्या हसल्या हे मी बाकावरून पाहिलं. नंतर त्या हसल्या नाहीत हेही मीच पाहिलं. त्यांना सवय होती बॉल आपटत येणाऱ्या मुलीला अडवायची. इथे अडवायला जावं तर बॉल केव्हाच पलीकडे. सेमीफायनलला हरलो, पण हरलो तेही थोडक्यात. परत येताना आम्ही तर्री-पोहे खाल्ले आणि गाडीत बसून माजरीपर्यंत गाणी म्हटली.

कॉलनीत फटाके वाजले, आणि दुसऱ्याच दिवशी वाद सुरू झाला.

युनियनच्या ऑफिससमोर कट्टा होता. शिफ्ट सुटली की लोक तिथे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे आणि जगाचा निकाल लावायचे. त्या आठवड्यात विषय एकच, पोट्ट्या जिंकल्या त्या दमाने की नशिबाने? नशीबवाल्यांचे पुढारी होते माझे वडील. खाणीत हजेरी घेऊन घेऊन त्यांचा माणसांवरचा विश्वास उडालेला होता. ते मुद्दे मांडायचे. एका मॅचला समोरच्यांची बस उशिरा आली, त्या थकलेल्या होत्या. दुसऱ्या मॅचला त्यांची सगळ्यात उंच मुलगी फाउल करून बाहेर गेली. तिसऱ्या मॅचचा शेवटचा बॉल रिंगवर नाचला आणि आत पडला, बाहेरही पडला असता.

मी घरात त्यांच्याशी कडाकडा भांडायचे. बसचं एकवेळ सोडून देते, म्हणायचे. पण ती उंच मुलगी फाउल का करत होती? बॉल निघून गेल्यावर तिचा हात पोचायचा, तो आमच्या पोरीच्या अंगावर पडायचा. हे नशीब आहे का? आणि रिंगवर नाचलेल्या बॉलचं म्हणाल तर शेवटच्या क्षणाला आपण बरोबरीत होतो तेव्हाच तो नाचला ना? बरोबरीत काय नशिबाने आलो? वडील शांतपणे भात कालवत म्हणायचे, बघू पुढच्या वर्षी. आई म्हणायची, तुम्ही दोघं ताटावरून उठा.

मला वाटायचं हा नुसता कट्ट्यावरचा वाद आहे. पण कॅप्टनसाठी तो तसा राहिला नाही. चंद्रपूरला आमचा सत्कार झाला. तिथे खेळाडूंना नोकरीत घेणाऱ्या एका ऑफिसचे साहेब आले होते. काकांनी हात जोडून त्यांना विचारलं, की माझ्या पोरीचं काही होईल का. साहेब वाईट नव्हते. त्यांनी कॅप्टनचं कौतुक केलं. म्हणाले, एकदा कोणाचंही नशीब लागतं हो, असं दरवर्षी कोणी ना कोणी पुढे येतं आणि मग दिसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा शेवटच्या चारात आणून दाखवा, मी स्वतः तिचं नाव पुढे करतो. त्यानंतर मात्र तिचं वय निघून जाईल.

मी कॅप्टनच्या शेजारी उभी होते. तिच्या हातातला गुच्छ तिने इतका घट्ट धरला की त्याची पाकळी न् पाकळी दबली. काका मात्र आनंदाने फुलले होते. पुन्हा करून दाखवायचं, एवढंच तर होतं. आणि पुन्हा करायचं तर आपल्या हातात काय आहे याचा विचार त्यांनी परतीच्या गाडीतच सुरू केला असणार, कारण घरी पोचल्यावर ते कपडे न बदलता थेट कोर्टावर गेले.

तिथे त्यांना दिसलं ते कॉलनीतल्या कोणालाही दिसलं असतं. भेगा.

मग दर रविवारी श्रमदान सुरू झालं. वर्कशॉपमधले काकांचे दोस्त, विहारातली मंडळी, जयंतीची मिरवणूक काढणारी पोरं, सगळे आले. घरोघरचे पांढऱ्या सिमेंटचे डबे आले, पण तेवढ्याने काय होणार म्हणून काकांनी जुना सगळा थर फोडायला लावला. खाली खडी कुटली, लोखंडी जाळी टाकली, म्हणजे हादऱ्याने पुन्हा भेग पडायला नको. वरचं सिमेंट काका स्वतः घोटत होते. गुडघ्यांवर बसून, मागे मागे सरकत, थापी फिरवत. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजलेले त्यांचे हात, त्यावर सिमेंटचा राखाडी थर. घोटलेल्या सिमेंटवर ओली पोती टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम आमचं. माझे वडीलसुद्धा एका रविवारी आले आणि घमेली उचलली. नशीबवाले आणि दमवाले त्या दिवसांत एकाच पोत्यावर बसून चहा प्यायले. इतकी एकजूट मी त्या कॉलनीत पुन्हा पाहिली नाही. आजही डोळे मिटले की मला ते ओलं सिमेंट दिसतं, त्याचा वास येतो, आणि भरून येतं.

कोर्ट झालं ते असं झालं की लोक चपला काढून त्यावर यायचे. काकांनी पहिला बॉल टाकला. तो सरळ खाली गेला आणि सरळ त्यांच्या हातात परत आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात.

त्या दिवसापासून आम्हाला बॉल आपटायचं वेड लागलं. का नाही लागणार? जे आयुष्यात कधी करता आलं नव्हतं ते आता करता येत होतं. टीव्हीवर बघितलेलं एकेक करून बघायचो. पायातून बॉल काढणं, एका हातातून दुसऱ्या हातात घेत झुकांडी देणं. कॅप्टनही त्यात आली. झाडूची शिक्षा आपोआप बंद पडली, कारण झाडायला तिथे काही उरलंच नव्हतं, काका रोज सकाळीच सगळं पुसून काढायचे. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून ते आमचा खेळ बघायचे. कोणी सफाईने बॉल आपटत एकटी शेवटपर्यंत गेली की मान डोलवायचे. आता आम्ही टीव्हीतल्यासारख्या दिसत होतो. आजूबाजूच्या कॉलन्यांच्या टीमना आम्ही सहज हरवत होतो, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नागपूरला बाद फेरीच्या पहिल्याच मॅचला आम्ही हरलो.

काही फार नाट्यमय घडलं नाही. बस वेळेवर आली, कोणी आजारी नव्हतं. समोरच्या मुली बॉल आपटायला लहानपणापासून शिकलेल्या, आणि आम्ही वर्षभर. आमची एकेक जण बॉल घेऊन निघायची आणि तो तिच्याकडून काढून घेतला जायचा. कॅप्टन स्वतःसुद्धा तशीच निघायची. शेवटच्या सत्रात मी बाकावरून तिचा चेहरा बदलताना पाहिला. ती मोठ्याने ओरडली, “खाली टाकू नका.” मग काही वेळ आमच्या पोरी पूर्वीसारख्या खेळल्या. अंतर कमी झालं, हॉलमधले लोक उठून उभे राहिले. पण हातांची सवय गेली होती. दोनदा पास दिला तिथे कोणीच नव्हतं.

त्या साहेबांनी पुढे काय केलं हे सांगायची गरज नाही. कॅप्टनला ती नोकरी मिळाली नाही. आज ती मुलचेऱ्याला असते, तिचं सासर तिकडचं. एका शाळेत पोरींना खेळ शिकवते, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. फोनवर अजून तोच दणदणीत आवाज. आमची कॉलनी आता निम्मीअधिक रिकामी झाली आहे, क्वार्टर्सच्या खिडक्या लोकांनी काढून नेल्या. खाण सरकत सरकत विहाराच्या मागपर्यंत आली. मध्ये एकदा गेले होते तर कोर्टावर बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या आणि एकही भेग नव्हती.

पण मला सांगायचंय ते त्या परतीच्या प्रवासाचं. दुपारची पॅसेंजर होती. बाकीच्या पोरी रडून रडून झोपल्या. कॅप्टन खिडकीशी होती, मी तिच्या समोर. वरोरा गेल्यावर ती हळू आवाजात बोलायला लागली.

“मागच्या वर्षी आपल्याले बॉल आपटता येत नव्हता, म्हणून आपण जिंकलो,” ती म्हणाली. “आपला तो खेळ दुसऱ्या कोणाकडं नव्हता. त्या फुटक्या कोर्टानं दिला होता तो आपल्याले. नशीब नव्हतं ते.”

मला एकदम सगळं लख्ख दिसलं, आणि हरल्याचं दुःख बाजूला पडून मी चेकाळलेच. म्हणजे आम्ही खरोखरच चांगल्या होतो. पुन्हा करून दाखवता आलं असतं, दरवर्षी आलं असतं. मी तिला म्हटलं, हे मी कट्ट्यावर जाऊन सांगणार, बाबांना सांगणार, त्या साहेबाला चंद्रपूरला जाऊन सांगणार, की आमच्यात दम होता, कोर्ट गुळगुळीत केलं म्हणून सगळं बिघडलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही.

“कोर्ट कोणं केलं?” तिने विचारलं.

 

माजरी स्टेशनवर काका मोटरसायकल घेऊन आले होते. प्लॅटफॉर्मवर पुढे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. निकाल त्यांना फोनवर कळला होता. त्यांनी कॅप्टनची बॅग तिच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतली.  मग बॅगेचा पट्टा नीट करत, खाली बघत, त्यांनी विचारलं.

“बाई, काही कमी राह्यलं काय माह्या कोर्टात?”

“नाई बाबा,” ती म्हणाली. “कोर्ट एकदम मस्त हाय. आम्हीच तेवढ्या नव्हतो. मागच्या वर्षी नशीब लागलं होतं.”

काकांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. पोरगी आपल्याला समजावतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या शब्दावरून मी स्वतःच्या बापाशी वर्षभर भांडले होते हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं, आणि काकांना तर होतंच. मी खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती.

“तू सांग वो पोरी,” ते म्हणाले. “नशीबच होतं काय?”

कॅप्टन माझ्याकडे बघत नव्हती. ती लांब कोळशाच्या वॅगनकडे बघत होती.

“हो काका,” मी म्हटलं. “नशीबच होतं.”

काकांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा किती हलका झाला, ते मला अजून दिसतं. मग ठीक आहे, म्हणाले, नशिबापुढे कोणाचं काय चालतं. त्यांनी आमच्या दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा घेऊ म्हणून पुढे चालू लागले. त्यांच्या मागे कॅप्टनने माझा हात धरला तो दुखेपर्यंत दाबला, आणि स्टेशनच्या बाहेर येईपर्यंत सोडला नाही.